रात्र कुणाची, आवाज कुणाचा?

17 मे 2025 च्या रात्री मी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘गन्स एन रोझेस’ या अमेरिकन रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. याआधी त्यांना मुंबईतच ऐकलं ते डिसेंबर 2012 मध्ये, समाजकार्याचं शिक्षण घेत असताना. मधली बारा वर्षं नोकरी, लग्न, मूल आणि सासूबाईंचं आजारपण यांत गेली. मलकापूरला परतले, तेव्हा आमच्या गटातल्या अक्कांनी भर बैठकीत विचारलं, “अगं, गणपतीत डॉल्बी बंद करा म्हणून आपण निवेदनं द्यायची, आणि तू पैसे मोजून तसलाच धिंगाणा ऐकायला मुंबईला जायचं?”

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच उत्तर लिहून देते आहे.

आवाजाविरुद्धची आपली लढाई शांततेच्या हौसेपोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी ध्वनिप्रदूषणावर निकाल दिला. त्या याचिकेच्या मुळाशी तेरा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराची बातमी होती. आसपास लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती, तिचा आक्रोश कुणाला ऐकूच गेला नाही. पुढे तिने स्वतःला जाळून घेतलं. रात्री दहानंतर भोंगा बंद हा 2000 सालचा नियम आपल्यासाठी नुसता कागद नाही, तो यामुळेच.

दारात डॉल्बी येते तेव्हा बाळंतिणीला, अभ्यासाला बसलेल्या पोरीला, हृदयविकाराच्या म्हातारीला कुणी विचारत नाही. रस्ता पुरुषांचा, नाच पुरुषांचा, बायका खिडकीत. रेसकोर्सवर मी माझ्या पायांनी गेले, नको वाटलं असतं तर निघून आले असते. मोठा आवाज हा गुन्हा नव्हे. न विचारता तो दुसऱ्याच्या घरात घुसवणं ही सत्ता आहे. दहाचा नियम रॉकवाल्यांनाही लागू हवाच, तिथल्या शेजाऱ्यांनाही झोप आहे. पण संमतीचा अर्थ गावोगाव समजावून सांगणाऱ्या आपणच हा फरक विसरायचा का?

मला मात्र वाटतं, अक्कांच्या प्रश्नामागे दुसराच प्रश्न होता. बाईने निव्वळ मजेसाठी रात्र घालवावीच का? नर्सने रात्रपाळी केली तर सेवा. आजाऱ्याच्या उशाशी जागली तर कर्तव्य. मंगळागौर जागवली तर पुण्य, कारण ती सौभाग्यासाठी. बाईची रात्र नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असते. त्या रात्री नवऱ्याने मुलाला सांभाळलं, त्याचं गल्लीभर कौतुक झालं. इतकी वर्षं मी सांभाळते, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 88. आमच्या मलकापूरची चोवीस तास पाण्याची योजना देशभर नावाजली गेली. नळाने हंडा उतरवला, वेळ वाचला. तो वेळ बाईच्या हाती राहिला की आणखी एका कामाने खाल्ला, हे मात्र कुणी मोजत नाही.

अक्का म्हणतील, तिकीट तुला परवडलं. खरंच आहे. रात्रपाळीच्या आया, भाजी विकणाऱ्या मावश्या तिथे नव्हत्या. म्हणून माझी मजा चूक ठरत नाही. त्यांनाही ती मिळत नाही, ही चूक आहे. आपल्या मागण्यांत हेही येऊ दे: गावातलं मैदान महिन्यातली एक संध्याकाळ बायकांसाठी, तिथे उजेड, स्वच्छ संडास, मुलं सांभाळायला माणसं, आणि घरी पोचवणारी शेवटची एस.टी. गाणं कोणतं, ते त्या ठरवतील. लावणी असो, भजन असो, रॉक असो.

त्या रात्री मी घसा फुटेस्तोवर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझा आवाज कुणाला हाक मारण्यासाठी नव्हता, की घोषणा देण्यासाठीही नव्हता. अक्का, पुढच्या वेळी तुम्हीही चला. आणि गणपती आले की डॉल्बीविरुद्धच्या निवेदनावर पहिली सही माझीच असेल.