चौदा कोरचा मोह

सर्व्हरमधून काढलेला जुना प्रोसेसर गेमिंगच्या कॉम्प्युटरला घ्यावा का? उत्तर आधीच सांगून टाकतो. पैसा मोजका असेल आणि मुख्य काम गेम खेळणं हेच असेल, तर घेऊ नये. आता कारणं. शनिवार आहे, चहा घेऊन निवांत बसा.

प्रश्न आलाय भोकरहून. आमचे भाचेबुवा बारावी उरकून बसलेत. सोयाबीनच्या पैशातला एक वाटा कॉम्प्युटरसाठी मंजूर झालाय, आणि पुढची चार-पाच वर्षं तो पुन्हा मंजूर होणार नाही. फोनवर म्हणाला, "मामा, चौदा कोर, अठ्ठावीस थ्रेड हायत म्हणे. चार कोरच्या आय३ पेक्षा स्वस्त पडायलंय. घेऊ का?"

हा चौदा कोरवाला म्हणजे इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४, २०१६ चा. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर बदलतात, मग जुने प्रोसेसर ढिगानं बाजारात येतात. काम उत्तम, किंमत मातीमोल. मोह होणारच हो!

पण गेम नेमका चालतो कसा, ते बघा. सोयाबीन कापायला चौदा माणसं लावली तर काम झटक्यात होतं. मळणीयंत्राच्या तोंडाशी मात्र काड सारणारा एकच. त्याचा हात संथ असेल तर बाकीचे बांधावर तंबाखू मळत बसणार. बऱ्याच गेममध्ये असा एक मुख्य थ्रेड असतो आणि प्रत्येक फ्रेम त्याच्या हाताखालून जाते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मुख्य थ्रेडला २० लागले, की झाल्या ५० फ्रेम. उरलेले तेरा कोर तिथे काही करू शकत नाहीत.

तेव्हा बघायचं ते एका कोरचा वेग. या झिऑनचा एक कोर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झला जातो. २०२२ चा चार कोरचा आय३-१२१००एफ जातो ४.३ ला. शिवाय नव्या पिढीचा कोर प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो, तो फायदा वेगळाच.

आता विजेचं. झिऑनचा आकडा १२० वॅट, आय३ चा मूळ आकडा ५८. (दोघांचेही प्रत्यक्षात कमीजास्त होतात, पण अंदाज येतो.) मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ही उष्णता कुठे जाणार? वीज गेल्यावर छोटा यूपीएस किती मिनिटं तग धरणार? पुण्यात एसीत बसून लिहिणाऱ्याला हे मुद्दे किरकोळ वाटतील, भोकरात नाही वाटणार.

त्याहून मोठी अडचण पुढच्या वर्षांची आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. जुगाड करून बसवता येतं, मान्य. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. स्वस्तातल्या त्या बोर्डांवर ते मिळेलच याची खात्री कोण देणार? सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम उद्या साध्या बोर्डावर चालत नाही, म्हणजे तेही पैसे अडकले. आणि बोर्ड बिघडला तर? नांदेड पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथल्या दुकानदाराकडे बिल घेऊन जाता येतं. दूरच्या अनोळखी विक्रेत्याला गाठणार कुठे?

झिऑन वाईट असतो असं मात्र नाही. २०१४ चा ई३-१२३१ व्ही३ त्या काळी शहाण्यांची निवड होती. चार कोर, आठ थ्रेड, वेग आय७ च्या जवळपास, किंमत कमी, आणि साध्या बोर्डावर चालायचा. पुढे २०१५ च्या पिढीपासून इंटेलनं झिऑनला सर्व्हरचे वेगळे चिपसेट लागतील असं केलं आणि ते दार बंद झालं. आजही व्हिडिओ रेंडर करायचेत, चार-पाच व्हर्च्युअल मशीन चालवून शिकायचंय, तर चौदा कोर खरंच राबतात. तिथे घ्या, खुशाल घ्या.

गेमसाठी मात्र आय३-१२१००एफ किंवा त्या तोडीचं काही, आणि वाचलेला रुपया ग्राफिक्स कार्डात. कार्डाला पैसेच उरत नसतील तर रायझन ५ ५६००जी बघा. त्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड पुढच्या सुगीला घेता येईल. वरच्या आय३ ला आणि झिऑनला तर कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येत नाही!

दुकानात गेलात की एवढंच करा. दुकानदार कोर मोजून दाखवेल, तुम्ही म्हणा, माझा गेम लावा आणि फ्रेम मोजून दाखवा.