शिक्का मारलेले चित्र वाचायचे कसे?

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत विमानतळ २००८ साली सुरू झाला आणि जानेवारी २०२१ पासून तिथल्या हाल्टवर आपल्या गाड्याही थांबू लागल्या. अशा ठिकाणी उतार बांधायचा की नुसत्या पायऱ्या, हे ठेकेदाराच्या मर्जीवर सोडता येत नाही. मग त्याच बेंगळुरूत जी असंख्य संकेतस्थळे घडतात, त्यांच्या बाबतीत मर्जी का चालते?

दृष्टिहीन माणूस संगणक ऐकून वापरतो. एनव्हीडीएसारखा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, पण तो मजकूर खऱ्या अक्षरांत असेल तरच. परिपत्रक छापले, सही-शिक्का मारला आणि पुन्हा स्कॅन करून चढवले की उरते ते चित्र. बदल्यांची यादी असो की बचत खात्याचे व्याजदर, यंत्र गप्प बसते. मराठीची रड आणखी निराळी. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या, त्यांतला १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. म्हणजे हा प्रश्न खिडकीपलीकडच्या ग्राहकाचा आहे, तसाच शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचाही.

संकेतस्थळे सुगम करण्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून उपलब्ध आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम शिफारसवजा नकोत, सक्तीचे हवेत, असे बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला.

संकेतस्थळाचा आराखडा करणारा तरुण पुष्कळदा आपल्यासारखाच मुदतीच्या चाबकाखाली राबणारा, कंत्राटी. सारा दोष त्याच्या माथी मारून निविदा काढणाऱ्या साहेबांना मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. तरीही चित्राला दोन ओळींचे वर्णन जोडायला, बटणाला नाव द्यायला कोणाची मंजुरी लागत नाही. तेवढी जबाबदारी त्याचीच.

रेल्वे व टपाल प्रशासनाने ही अट निविदेतच घालावी, काम ताब्यात घेण्यापूर्वी ते दृष्टिहीन कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्यावे आणि तपासणीचे तास ड्युटीत धरावेत, अशी आमची मागणी आहे. शाखांनी पीएनएम व जेसीएमच्या पुढील बैठकांसाठी हा विषय आत्ताच लेखी पाठवावा.