ताल बटणात नसतो

नाताळ जवळ आला की मालवण किनाऱ्यावर गायकवृंदांचा सराव सुरू होतो, आणि अलीकडे त्याचा आरंभ होतो तो कीबोर्डवरील बटण दाबून. यंत्र ठेका धरते, मुले त्याच्या मागून धावतात. अशाच एका सरावाला आम्ही बसलो होतो. गीत सहा-आठच्या चालीचे. बटण मात्र दाबले होते वॉल्ट्झचे. दोन्हीकडे लघुस्वर सहाच. पण वॉल्ट्झमध्ये त्यांचे दोन-दोनचे तीन गट पडतात, सहा-आठमध्ये तीन-तीनचे दोन. शब्दांचे आघात एकीकडे, यंत्राचे ठोके दुसरीकडे, आणि खटकले कोणालाच नाही! दोष बटण दाबणाऱ्या मुलाचा नव्हे. त्याला गट मोजायला कोणी शिकवलेच नव्हते. दोष आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे आणि त्याविषयीच आम्हांला येथे चार कटू शब्द लिहायचे आहेत.

यावर उत्तर तयार असते: गाणे कानाने शिकायचे, कागद वाचून भक्ती येत नाही, गावातले भजनी बुवा कुठे नोटेशन वाचतात? असे म्हणणाऱ्यांनी भजनी मंडळातला पखवाजवादक कसा घडतो ते एकदा जाऊन पाहावे. चौतालाचा बारा मात्रांचा ठेका तो आधी तोंडाने म्हणतो, हातावर टाळी व खाली दाखवतो, तोच ठेका दुगुणीत म्हणतो आणि मग पखवाजाला हात लावतो. बोल ही त्याची लिपीच आहे; ती मुखात वसते, एवढेच. ती कागदावर आणण्याचे कामही आपल्याकडे केव्हाच झाले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांनी आणि पंडित भातखंड्यांनी आपापल्या स्वरलिपी सिद्ध केल्या. भातखंडे पद्धतीत समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे, एका मात्रेत बसणाऱ्या अक्षरांखाली अर्धचंद्र. गांधर्वच्या परीक्षेला बसणारे शेजारचे मूल ठेका लिहून दाखवते. आमच्या मुलांना ना बोल येतात, ना लिपी.

हे दारिद्र्य वडिलोपार्जित मात्र नव्हे. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज शिकवीत. हाताने मात्रा मोजायची, तोंडाने स्वराचे नाव घ्यायचे, आणि विरामचिन्ह आले की गप्प राहून तेवढीच मात्रा मोजायची. (गप्प राहणे हा तालाचा सर्वांत कठीण पाठ, आमचे गायकवृंद विरामात हमखास श्वास संपण्याआधीच पुढे उडी घेतात.) त्या शिकवणीच्या बळावर गोव्याच्या खेड्यांतली मुले मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून उभी राहिली, कारण समोर ठेवलेला कागद त्यांना वाचता येत होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात गोन्साल्विसांनी रागांवर आधारलेल्या रचना वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्या गायनासह. एवढ्या वादकांना राग हातात हात धरून शिकवता आला असता काय? तो लिहिता आला म्हणूनच वाजला.

दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे. आता मोबाईल आहे, गाणे ध्वनिमुद्रित करून ठेवले की झाले. ध्वनिमुद्रण अवश्य करावे. पण आमच्या घरांतून रोसाच्या वेळी म्हाताऱ्या बायका जी गाणी म्हणत, त्यांतले एखादे मुद्रित करून नातीच्या हाती द्या. ओळीच्या शेवटी आजीचा स्वर लांबतो. तो चालीचाच दीड मात्रेचा स्वर आहे की ऐंशीव्या वर्षी दम लागल्याने झालेला विलंब? यंत्र सांगत नाही. ते आजीची चाल आणि आजीचा दमा दोन्ही सारख्याच निष्ठेने जपते, आणि नात दोन्हींची नक्कल करते. लिहायला बसणाऱ्याला मात्र निर्णय घ्यावाच लागतो. तो चार वेळा ऐकतो, आजी हयात असेल तर तिला पुन्हा म्हणायला लावतो, टाळी धरून पाहतो. चाल वाचते ती या खटाटोपाने. म्हाताऱ्या एकेक करून जात आहेत आणि आमच्या धर्मग्रामांत हा खटाटोप करू शकणारी माणसे किती, याचा विचार प्रत्येकाने आपल्या चर्चपुरता करावा.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात कॅथलिक शाळा-संस्थांतून संगीतशिक्षणाला महत्त्व द्यावे असे सांगितले, आणि त्याच दस्तऐवजात स्थानिक जनतेच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असेही. आम्ही या दोन्ही सूचनांना बगल दिली आणि मध्येच यंत्र आणून बसवले.

खर्चाचे निमित्त कोणी पुढे करू नये. फळा आणि खडू प्रत्येक धर्मग्रामात आहे. सहा मात्रांचा दादरा गावातल्या मुलाच्या कानात असतोच. तीन-तीनचे त्याचे दोन विभाग फळ्यावर लिहावेत आणि त्याखाली सहा-आठचे दोन गट. दादऱ्यातली खाली आणि सहा-आठमधला दुसरा ठोका एकच नव्हेत हे आम्ही जाणतो, पण विभागणी तीच आहे आणि मुलाला दार उघडायला तेवढी पुरते. शेजारच्या पखवाजवादकाला सन्मानाने बोलवावे. तो नाही म्हणणार नाही. पुढील सरावाचे पहिले चार रविवार कीबोर्डची तार काढून ठेवावी आणि मुलांना नुसत्या टाळ्या वाजवू द्याव्यात, विरामासकट.