सूर्याआधी भरणारी शाळा

जानेवारीतल्या एका सोमवारी ओपीडीत एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. मुलगी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती, तिसऱ्यांदा. "डॉक्टर, हिचं डोकं सारखं दुखतं, अभ्यासात लक्ष नाही. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या," आई म्हणाली. तपासणी केली, रक्त तपासले. हिमोग्लोबिन ठीक, रक्तदाब ठीक, पाळीची तक्रार नाही. मग मी मुलीला दिवसाचे वेळापत्रक विचारले.

घर चौलच्या पुढे एका वाडीत. पहाटे पाचला उठायचे, पावणेसहाची एसटी धरायची. सातला शाळेचे फाटक बंद होते. शाळा दीडपर्यंत. घरी येऊन जेवेपर्यंत तीन वाजतात. पुन्हा साडेचारला क्लास, तो साडेसातपर्यंत. रात्री जेवण, गृहपाठ, थोडा मोबाईल. झोपायला साडेअकरा. म्हणजे झोप साडेपाच तास. सकाळी पोटात काय जाते? "चहा." आणि रविवारी किती वाजता उठतेस? मुलगी गप्प राहिली, आईने उत्तर दिले, "अकरा वाजले तरी उठत नाही. आळशी झालीय नुसती."

आळस नव्हे, ही थकबाकी आहे. जे मूल रविवारी रोजच्यापेक्षा तीन-चार तास जास्त झोपते, ते आठवडाभर झोपेचे कर्ज काढत असते. उपाशीपोटी, अर्धवट झोपेत, एका जागी ताठ उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूकडे कमी जाते आणि मूल खाली कोसळते. यावर टॉनिक नाही. मी कागदावर औषधाऐवजी 'रात्री साडेनऊला झोप, सकाळी खाऊन शाळा' असे लिहिले. लिहितानाच मला माहीत होते की या वेळापत्रकात ते बसणारे नाही.

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही साधारण हेच सांगतात. यावर पालकांचे ठरलेले उत्तर असते : मग लवकर झोपवा. इथेच शरीरशास्त्र आडवे येते. आपल्या प्रत्येक पेशीत दिवस-रात्रीचे घड्याळ चालते. ते कसे चालते हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते आणि सकाळी उशिरापर्यंत टिकते. नऊ-दहा वर्षांचे पोर साडेआठला पेंगते, तेच पोर चौदाव्या वर्षी साडेदहापर्यंत टक्क जागे असते. त्यात मोबाईलचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही; पण मोबाईल नव्हते तेव्हाही हे होत होते. मेरी कार्स्कडन या संशोधिकेने १९७० च्या दशकात अमेरिकेत मुलांना उन्हाळी शिबिरात ठेवून त्यांची झोप मोजली. मोठी होणारी मुले कमी झोपेत भागवतील, अशी तेव्हाची समजूत होती. पुरेसा वेळ दिला तेव्हा किशोरवयीन मुलेही लहानांइतकीच, नऊ तासांच्या आसपास झोपली. गरज कमी होत नाही, फक्त वेळ सरकते.

आता यात आपल्या किनाऱ्याची भर घाला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. अलिबाग आहे ७२.९ अंशांजवळ. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटे घेतो. म्हणजे आपला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने तिला मोठा विरोध केला होता आणि 'बॉम्बे टाइम' नावाची जुनी वेळ तिथे पुढे अनेक वर्षे जपली गेली. ती नेमकी या ३९ मिनिटांची तक्रार होती. घड्याळात सात वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने अलिबागेत सहा वाजून एकवीस मिनिटे झालेली असतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. सातला फाटक बंद करणारी शाळा त्या महिन्यात सूर्याच्याही आधी भरते. कोलकात्यात सातची शाळा भरते तेव्हा सूर्य आपल्यापेक्षा तासभर पुढे असतो. एकच घड्याळ, पण शरीराला ते एकच वाटत नाही.

ही केवळ नकाशावरची गंमत नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या वेळ-वापराची आकडेवारी तपासली. सूर्यास्त तासभर उशिरा होतो तिथे मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात, असे त्यांना आढळले. कारण सोपे आहे. अंधार उशिरा पडला की झोप उशिरा लागते, पण शाळेची घंटा सगळीकडे एकाच वेळी होते. पश्चिम किनाऱ्यावरची मुले या हिशेबात तोट्यात आहेत.

महाराष्ट्रात हा विषय सरकारदरबारी पोहोचला, ही चांगली गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. निर्णय स्वागतार्ह होता. पण ज्या वयात सकाळी लवकर उठणे शरीराला सर्वांत जड जाते, ते माध्यमिकचे वय त्यातून सुटले. इमारत एक आणि शिफ्ट दोन, अशी खासगी शाळांची अडचण असते. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेने धाकट्यांना नऊला बोलावण्यासाठी आठवी ते दहावीचे वर्ग पहाटे ढकलले. कागदावर नियम पाळला गेला आणि त्याची किंमत मोठ्या मुलांनी मोजली.

दुसरा प्रश्न हजेरीचा. पावसाळ्यानंतर माझ्याकडे पालकांची एक वेगळी रांग लागते, ती फिटनेस सर्टिफिकेटची. कांजिण्या आलेल्या मुलाचे वडील चौथ्या दिवशी येतात. अंगावर पाण्याचे फोड ताजे असतात. "साहेब, शंभर टक्के हजेरीचं बक्षीस गेलंच, पण आणखी दांड्या पडल्या तर शाळा नोटीस देते. फिट लिहून द्या ना."

मी लिहून देत नाही. कांजिण्यांचे सगळे फोड सुकून खपली धरेपर्यंत मूल इतरांना आजार देत असते. गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी राहायला हवे. साध्या फ्लूमध्ये तापाच्या गोळीशिवाय चोवीस तास ताप नसला, तरच शाळेत पाठवावे. वर्गात एका बाकावर तीन मुले बसतात, एकाच्या बाटलीतले पाणी चौघे पितात. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली, तेव्हा लाल डोळ्यांनी वर्गात बसलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. माझी मुलगी सातवीत असताना तिला वार्षिक संमेलनात पूर्ण हजेरीचे बक्षीस मिळणार होते. फेब्रुवारीत ताप आला. ती रडू लागली. मी, वैद्यकीय पदवी भिंतीवर लावलेला बाप, तिला पॅरासिटामॉल देऊन शाळेत सोडून आलो. बक्षीस मिळाले. त्या आठवड्यात तिच्या बाकावरच्या दोघी तापाने आजारी पडल्या. त्यांना ताप आमच्याकडूनच गेला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण तसा संशय दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल आला असता, तर मी त्याच्या बापाला चार शब्द सुनावले असते. ती पितळी ढाल अजून आमच्या कपाटात आहे.

नियम मुळात इतका कडक नाहीच. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा हवी. मोठ्या वर्गांचे वर्षही साधारण तेवढेच धरले, तर परीक्षेसाठी लागणाऱ्या ७५ टक्के हजेरीच्या अटीत ५५ दिवस अनुपस्थितीला जागा राहते. त्यापुढेही आजारपणासाठी सवलतीची वाट असते. कांजिण्यांचे दहा दिवस आणि तापाचे चार-चार दिवस त्यात आरामात बसतात. ७५ ची अट योग्यच आहे. शाळेत येण्याची शिस्त नसती तर आपल्याकडच्या कित्येक मुली केव्हाच घरी बसवल्या गेल्या असत्या. अडचण आहे ती ७५ चे १०० करणाऱ्या हौसेची. बरे, त्या बक्षिसांनी हजेरी तरी वाढते का? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पंधरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासले गेले. पूर्ण हजेरीबद्दल अचानक बक्षीस मिळालेली मुले पुढच्या महिन्यात शाळेत थोडी कमीच आली.

उलट वेळ बदलल्याने हजेरी सुधारल्याचा अनुभव आहे. सिअॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कुलांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुले जास्त वेळ जागत बसतील अशी भीती होती. मनगटावरच्या यंत्रांनी मोजले, तर मुलांची झोप सरासरी अर्ध्या तासाहून अधिक वाढली होती. ज्या दोन शाळांचा अभ्यास झाला, त्यांपैकी गरीब वस्तीतल्या शाळेत उशिरा येणे आणि गैरहजेरी दोन्ही कमी झाले. कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानेच मनाई केली.

आपल्याकडे अडचणी वेगळ्या आहेत. एसटी शाळेच्या वेळेवर चालत नाही. थळच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला जाणारा बाप मुलाला जाताजाता सोडतो. पहाटे बंदरावर मासळी घ्यायला जाणाऱ्या आईला मूल आधी मार्गी लागलेले बरे वाटते. एप्रिलच्या उन्हात आणि घामात दुपारची शाळा नकोशी होते. त्या महिन्यांत सकाळची शाळा भरवण्याला माझाही विरोध नाही. तेव्हा सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास उगवलेला असतो. पण उन्हाळ्याची वेळ जानेवारीत का लादायची?

माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. पहिली, दोन शिफ्ट असतील तर पाचवी ते सातवी सकाळी आणि आठवी ते दहावी अकरानंतर ठेवा. धाकटी मुले सकाळी आपसूक उठतात, मोठ्यांचे शरीर उठत नाही. कोकणातल्या शाळा वर्षानुवर्षे अकरा ते पाच भरत होत्या आणि त्यांतून शिकलेलेच आज संस्थाचालक आहेत. दुसरी, एकच शिफ्ट असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेआठच्या आधी घंटा नको. शाळा समितीने डेपोत जाऊन एका फेरीची वेळ बदलून मागावी; पाच शाळांनी मिळून मागितली तर नाकारणे अवघड जाईल. तिसरी, पहिल्या तासानंतर दहा मिनिटांची खाऊची सुट्टी द्या. त्याच सुट्टीत मुलींना बाथरूमला जाता येईल. तास चालू असताना जाऊ देत नाहीत म्हणून पाणीच न पिणाऱ्या आणि मग लघवीच्या जंतुसंसर्गाने येणाऱ्या मुली मी दर महिन्याला पाहतो.

चौथी, पूर्ण हजेरीची बक्षिसे बंद करा. तीन दिवसांपर्यंतच्या आजाराला पालकाची चिठ्ठी पुरेशी माना. तापाने फणफणलेल्या मुलाला केवळ कागदासाठी ओपीडीत दोन तास बसवले, तर आजार वाढतो आणि माझ्यासमोरची रांगही. संसर्गजन्य आजारात घरी राहिलेल्या मुलाच्या नावापुढे वेगळी खूण करा. ती दांडी नव्हे, वर्गाला केलेली मदत आहे.

पाचवी सूचना पालकांना. क्लासची वेळ शाळा ठरवत नाही, आपण ठरवतो. सातला सुरू झालेल्या दिवसात संध्याकाळचे तीन तास घालून मूल पुढे जात नाही. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. झोप कापून वाढवलेला अभ्यास भोकाच्या घागरीत पाणी भरण्यासारखा आहे.

त्या मुलीची आई पंधरा दिवसांनी पुन्हा आली. शाळेची वेळ तीच होती, पण त्यांनी क्लास आठवड्याला तीन दिवसांवर आणला होता आणि मुलगी सकाळी नाचणीची भाकरी खाऊन निघत होती. चक्कर आलेली नव्हती. "पण डॉक्टर," आई म्हणाली, "पहाटे उठवताना अजून जीव तुटतो. बाहेर मिट्ट काळोख असतो हो."

त्या काळोखावर माझ्याकडे औषध नाही. ते शाळेच्या वेळापत्रकात आहे.