जुनी गाडी की नवी?

विद्यार्थी मित्रांनो, घरात एखादी वस्तू विकत घ्यायची ठरली की वाद होतो, हे तुम्ही पाहिले असेल. आजोबा म्हणतात, "जुने ते सोने." मोठा भाऊ म्हणतो, "जमाना बदलला, आता नवे घ्या." दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे असते. असाच एक वाद आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. तो मोटारींचा आहे आणि इंग्लंडमधला आहे. पण तो ऐकून तुम्हांलाही आपले मत बनवता येईल.

इंग्लंडमध्ये एका खास प्रकारच्या मोटारीचा लोकांना फार शौक आहे. ही मोटार बुटकी आणि हलकी असते. तीत दोनच माणसे बसतात. वरचे कापडी छत मागे दुमडून ठेवता येते. तिला 'रोडस्टर' म्हणतात. तीत फारसे सामान मावत नाही, कुटुंब तर मुळीच मावत नाही. मोकळी हवा अंगावर घेत वळणावळणाच्या रस्त्याने गाडी चालवावी, एवढ्याच आनंदासाठी ती असते.

आता अशी कल्पना करा, की तिथल्या एका तरुणाने चार वर्षे काटकसर करून पैसे साठवले आहेत. त्याला एकच रोडस्टर घ्यायची आहे. त्याच्यापुढे दोन गाड्या उभ्या आहेत. एक आहे जुनी इंग्लिश 'एमजीबी' आणि दुसरी आहे जपानची 'माझदा एमएक्स-5'. ब्रिटनमध्ये बऱ्या स्थितीतली जुनी एमजीबी आणि वापरलेली माझदा जवळपास सारख्या किमतीला मिळू शकतात. म्हणजे प्रश्न पैशांचा राहत नाही, पसंतीचा राहतो. त्याने कोणती गाडी घ्यावी?

आधी जुन्या गाडीची बाजू ऐकू या. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड शहरातील या गॅरेजच्या नावावरून गाडीचे नाव पडले. एमजीबी 1962 मध्ये बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावातील कारखान्यात ती तयार होत असे. 1980 मध्ये तो कारखाना बंद पडला. तोपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेला गेल्या.

या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचा साधेपणा. तिचे झाकण उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. तिला दोन कार्ब्युरेटर असतात. दोन्हींतून हवा सारखी जाते की नाही, हे पाहण्यासाठी जुने मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत आणि दुसरे कानाशी लावत. दोन्हीकडचा आवाज सारखा आला, की काम झाले! डॉक्टर छाती तपासतो, तसाच हा प्रकार. अशी गाडी पाळणारा माणूस हळूहळू स्वतःच अर्धा मिस्त्री होतो. सुटे भागही सहज मिळतात. इतकेच काय, 1988 पासून ब्रिटनमध्ये एमजीबीचा संपूर्ण सांगाडा जुन्या साच्यांवर पुन्हा नवा तयार होऊ लागला. गाडीचा कारखाना बंद पडून आठ वर्षे झाली होती, तरी तिचे अंग नव्याने घडू लागले. लोकांचे प्रेम असल्याशिवाय असे होत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की प्रेमाने गंज थांबत नाही. वरचे पक्के छत नसल्यामुळे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर या गाडीचा बराच भार असतो. नेमक्या त्याच पट्ट्या आतून गंजतात. वरून चकचकीत रंग दिला, की आतले काही दिसत नाही. पुढच्या चाकांच्या सांध्यांना दर पाच हजार किलोमीटरच्या सुमारास ग्रीस द्यावे लागते. कधी पॉइंट साफ करावे लागतात, कधी त्यांची फट नीट करावी लागते. ज्याला हे काम आवडते, त्याला ही कटकट वाटणार नाही. पण ज्याला सकाळी वेळेवर कामावर पोहोचायचे आहे, त्याने काय करावे?

आणि याहून गंभीर गोष्ट आहे जिवाची. एमजीबीत एअरबॅग नाही. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची आजची व्यवस्था तिच्यात नाही. तिची रचना झाली तेव्हा सुरक्षिततेविषयीचे आजचे ज्ञान नव्हते. त्यासाठी तिला दोष देता येत नाही. ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना रस्त्याचा कर माफ आहे. 2018 पासून त्यांची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. काही लोक याला जुन्या गाडीचा फायदा समजतात. मला मात्र यात मोठी जबाबदारी दिसते. कायद्याने तपासणी माफ केली, पण ओल्या रस्त्याने आणि समोरून येणाऱ्या ट्रकने काहीच माफ केलेले नाही. तिथे ब्रेक लागलाच पाहिजे.

आता नव्या गाडीची गोष्ट ऐका. 1970 नंतर अशा हलक्या रोडस्टर एकेक करून बंद पडू लागल्या. त्यांचा जमाना संपला असे लोकांना वाटू लागले. बॉब हॉल हा एक अमेरिकन पत्रकार होता. त्याला जुन्या इंग्लिश गाड्यांचे वेड होते. 1979 मध्ये त्याची माझदा कंपनीच्या केनइची यामामोतो यांच्याशी भेट झाली. कोणती नवी गाडी काढावी, असा विषय निघाला. साधी, स्वस्त, हलकी रोडस्टर पुन्हा काढा, असे हॉलने सुचवले. पुढे तो स्वतःच माझदात कामाला लागला. तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली गाडी आकाराला आली आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांना पाहायला मिळाली. ती होती एमएक्स-5.

हिराई यांच्यापुढे एक जपानी कल्पना होती. तिचा अर्थ असा, की घोडा आणि स्वार एकजीव झाले पाहिजेत. म्हणून त्यांनी गाडीला अवजड इंजिन बसवले नाही. 1.6 लिटरचे लहान इंजिन घेतले आणि गाडीचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास ठेवले. 'लोटस एलान' या दुसऱ्या एका जुन्या इंग्लिश गाडीचा या मंडळींनी बारकाईने अभ्यास केला. सायलेन्सरमधून येणाऱ्या आवाजावरसुद्धा त्यांनी मेहनत घेतली. मात्र चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. इंजिन असे दिले, की थंडीतही किल्ली फिरवताच सुरू व्हावे. ही गाडी लोकांनी डोक्यावर घेतली. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 तयार झाली. दोन आसनी खुल्या स्पोर्ट्स मोटारींत इतका खप दुसऱ्या कोणत्याही गाडीला मिळालेला नाही.

जुन्या गाड्यांचे काही शौकीन यावर नाक मुरडतात. ते म्हणतात, "ही तर नक्कल! अस्सल ते अस्सलच." मला हे म्हणणे पटत नाही. नक्कल करणारा वरचे रूप उचलतो. शिकणारा आतले तत्त्व उचलतो. गाडी हलकी असावी, साधी असावी, चालवणाऱ्याच्या हाताला रस्ता कळावा, हे जुन्या गाडीचे तत्त्व होते. माझदाच्या लोकांनी ते उचलले. ऑइलची गळती आणि थंडीतले रुसणे त्यांनी उचलले नाही. उस्तादाचा खरा शागीर्द तोच, जो उस्तादाचे कसब घेतो आणि त्याचा खोकला घेत नाही.

म्हणून मला विचाराल, तर त्या तरुणाने नवी गाडी घ्यावी, असेच मी सांगेन. त्याच्याकडे एकच गाडी असणार आहे. तो तिच्यातून रोज कामावर जाणार आहे. शेजारच्या आसनावर कधी त्याची आई बसेल, कधी धाकटी बहीण बसेल. त्यांचा जीव आपल्या शौकापेक्षा मोठा आहे. चौथ्या पिढीची एमएक्स-5, जी 2015 मध्ये विक्रीला आली, तिचेही वजन सुमारे एक टनच आहे. म्हणजे मूळ तत्त्व सुटलेले नाही आणि संरक्षण मात्र वाढले आहे.

पण म्हणून जुनी गाडी भंगारात घालावी, असे मी म्हणणार नाही. ज्याच्यापाशी सवड आहे, हातात पाना धरण्याची हौस आहे आणि रोजच्या कामासाठी दुसरे वाहन आहे, त्याने जुनी गाडी जरूर घ्यावी. मात्र विकत घेण्यापूर्वी तिच्याखाली वाकून गंज पाहावा. तिचे ब्रेक कायदा सांगत नसला तरी दरवर्षी तपासून घ्यावेत. अशी माणसे थोडी असली तरी हवीत. ती नसतील तर नळीतून कार्ब्युरेटर ऐकणारे कान उद्या सापडणार नाहीत. तुमच्यापैकी कुणाचे वडील किंवा मामा गॅरेजमध्ये काम करत असतील, तर नुसत्या आवाजावरून इंजिनचे दुखणे ओळखण्याची किंमत काय असते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

शेवटी एक गंमत सांगतो. 1989 ची ती 'नवी' माझदा आता स्वतःच जुनी झाली आहे. तिच्याही दारांमागचा पत्रा गंजतो. 2017 मध्ये माझदा कंपनीने जपानमध्ये आपल्या त्या पहिल्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा नव्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवले. काल जिला नक्कल म्हणून हिणवले, तिला आज लोक जपून ठेवत आहेत!

तेव्हा मित्रांनो, घरात पुन्हा असा वाद निघाला, तर "जुने की नवे?" एवढ्यावरच थांबू नका. ही वस्तू कुणासाठी आहे, कोणत्या कामासाठी आहे आणि तिची देखभाल कोण करणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा. त्यांची खरी उत्तरे मिळाली, की निम्मा वाद तिथेच मिटेल. आणि माझे मत तुम्हांला पटले नसेल, तर उद्या वर्गात उभे राहून जुन्या गाडीची वकिली करा. तीही ऐकण्यासारखी असेल.