पुड्यावरचा हिरो

प्रति,
मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



दिल्लीच्या कार्यालयात मराठीतून पत्रं फारशी येत नसतील, तरी हे मराठीतच लिहिते आहे. ज्या हट्टाबद्दल लिहायचं आहे तो आमच्या घरात मराठीतच चालतो. मला दोन मुलं आहेत, एक पाच वर्षांचं आणि एक नऊ. त्यांना हसवणाऱ्या गोष्टी आणि त्यांना विकल्या जाणाऱ्या गोष्टी हल्ली एकाच दारातून घरात येतात, आणि त्या दाराची राखण कायद्याने तुमच्याकडे दिली आहे.

आधी दाद देते. जून 2022 मध्ये तुम्ही फसव्या जाहिरातींबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, त्यातला मुलांविषयीचा भाग मी बारकाईने वाचला. मुलांना थेट ‘विकत घे’ किंवा ‘आईबाबांकडे माग’ असं सांगायचं नाही. बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असं म्हणायचं तर त्याला शास्त्रीय पुरावा हवा. पोरं घरी जे नेहमीचं, साधं खातात त्यापेक्षा आमचा माल सरस, असा भास निर्माण करायचा नाही. चिप्स, फसफसणारी पेयं आणि तत्सम जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या वाहिनीवर करायची नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरात कधीतरी कुणी दुकानासमोर फतकल मारून बसलं असणार.

अडचण पुढे आहे. ही तत्त्वं सगळ्या माध्यमांना लागू आहेत असं तुम्हीच लिहिलंय, पण जंक फूडच्या कलमाच्या डोळ्यांसमोर अजून जुना टीव्ही आहे. आधी कार्यक्रम, मग ब्रेक, ब्रेकमध्ये जाहिरात, पुन्हा कार्यक्रम. आता तो ब्रेकच उरलेला नाही.

पूर्वी सगळं सोवळं होतं असं मी म्हणणार नाही. रेडिओवरच्या बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टच्या नावातच माल होता. पण माल्टच्या पावडरीचं नाव काढून टाकलं असतं तरी प्रश्नमंजूषा शिल्लक राहिली असती, आणि हमीद सयानी, अमीन सयानींच्या आवाजात घराघरात ऐकलीही गेली असती. दूरदर्शनवरचा हि-मॅन मात्र वेगळा. अमेरिकेत 1982 मध्ये त्याची खेळणी बाजारात आली आणि कार्टून आलं 1983 मध्ये, म्हणजे बाहुला आधी, गोष्ट नंतर. आमच्या पिढीने डोळे विस्फारून पाहिली ती खरं तर दर आठवड्याची लांबलचक जाहिरातच होती. फरक इतकाच की भाग संपला की पुढच्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागे, आणि आमच्या गावच्या दुकानात हि-मॅन मिळतही नसे. त्या दोन अडथळ्यांनी आमच्या आईवडिलांचं निम्मं काम केलं. आज दोन्ही अडथळे गेले आहेत.

माझं धाकटं मूल मोबाईलवर जे पाहतं, त्यात एक मुलगा खेळण्यांची खोकी उघडतो. कागद फाटतो, आतून अंडं निघतं, अंड्यातून गाडी निघते, मुलगा किंचाळतो. यात गोष्ट नाही, पात्रं नाहीत, भांडण नाही, गंमतसुद्धा फारशी नाही. आहे ती फक्त वस्तू मिळाल्याचा आनंद, आणि व्हिडिओ संपायच्या आत पुढचा सुरू. इथे कार्यक्रम कुठला आणि जाहिरात कुठली, हे मला वेगळं करून दाखवा.

जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते स्पष्ट सांगायचं, आणि व्हिडिओत लिहून आणि बोलून, दोन्ही प्रकारे. मोठ्या माणसांसाठी हे ठीक आहे. क्रीम विकणाऱ्या बाईच्या तोंडून ‘पेड प्रमोशन’ ऐकलं की मी सावध होते. पाच वर्षांचं मूल कशाने सावध होणार? त्याला वाचता येत नाही, आणि ऐकून कळत नाही, कारण समोरचा आपल्याला काहीतरी विकायला बोलतोय ही कल्पनाच त्या वयात नीट तयार झालेली नसते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने 2004 मध्येच सांगितलं होतं की आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू ओळखता येत नाही, म्हणून त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिरातींवर बंधनं हवीत. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने 1980 पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला बंदी घातली आहे. म्हणजे या वयात पाटी लावून भागत नाही, हे जगात काही ठिकाणी केव्हाच मान्य झालंय.

इथे जत्रेतल्या पिपाणीवाल्याची आठवण येते. तोही पोरांनाच गाठतो, कानाशी पिपाणी वाजवतो, आईबापांकडे पाहून हसतो. पण तो विकायला उभा आहे हे कडेवरच्या पोरालाही दिसतं. तो मित्र असल्याचं सोंग घेत नाही.

सोंग घेतो तो पुड्यावरचा हिरो. किराणा दुकानातल्या खालच्या फळ्या पाहा, म्हणजे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरच्या. सकाळी कार्टूनमध्ये ज्या शूर बाळाने गाव वाचवलं तोच संध्याकाळी साखर घातलेल्या न्याहारीच्या डब्यावर हात उंचावून उभा असतो. त्या चित्राने मुलाला कुठेही ‘विकत घे’ म्हटलेलं नाही, त्यामुळे तुमचं कलम मोडत नाही. बुद्धी वाढेल असंही म्हटलेलं नाही. तो डबा कुठल्याही वाहिनीवर नाही, तो फळीवर आहे. आणि बिस्किटं, चॉकलेटी पोहे, क्रीमचे केक हे तुमच्या ‘तत्सम’मध्ये मोडतात की नाही, हे कुणालाच धड माहीत नाही. आतलं खेळणं हा तर वेगळाच विषय. मुलांना विनाकारण वस्तू घ्यायला लावणाऱ्या भेटवस्तूंच्या जाहिरातींना तुम्ही तुमच्या तत्त्वांत परावृत्त करता, बंदी मात्र घालत नाही. मुलाला गोळी नको असते, आतली चिमुकली गाडी हवी असते. गोळी आजोबांना खावी लागते.

चिलीने 2016 मध्ये हा घोळच संपवला. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेबाहेर असलेल्या खाद्यपदार्थांवर काळी अष्टकोनी चिन्हं आली. त्या पदार्थांवरून मुलांना भुलवणारी चित्रं गेली आणि सोबतची खेळणीही गेली. जगभर ओळखीचा असलेला न्याहारीच्या खोक्यावरचा वाघसुद्धा तिथे हटला. पोरं काही उपाशी राहिली नाहीत.

यावर मला काय ऐकवलं जाणार ते ठाऊक आहे. मोबाईल देऊ नका, नाही म्हणायला शिका, तुमचं मूल ही तुमची जबाबदारी. मान्य. आम्ही नाही म्हणतो, रोज म्हणतो, बहुतेक आईबाप म्हणतात. पण मूल फक्त आमच्याकडे नसतं. ते आजीकडे असतं, पाळणाघरात असतं, वाढदिवसांना जातं, शाळेत दुसऱ्याच्या डब्यात डोकावतं. एका बाजूला नोकरीवरून थकून आलेली बाई आणि दुसऱ्या बाजूला मुलांचं लक्ष कसं धरून ठेवायचं याचाच अभ्यास करणारी पगारी माणसं, ही जोडी बरोबरीची नाही. बरोबरी असती तर ग्राहक संरक्षण कायदा करावाच लागला नसता.

मला मुलांची करमणूक खटकते असंही समजू नका. सुधाताई करमरकरांनी 1959 मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. ते रत्नाकर मतकरींनी लिहिलं होतं, आणि पुढे त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. 2018 मध्ये ते नव्याने आलं तेव्हा चेटकीण पाहायला नाट्यगृहं भरली. चेटकीण पोरांना घाबरवते, हसवते, घरी जाताना रिक्षात तिची नक्कल करायला लावते. मोबदल्यात तिला तिकिटापलीकडे काही नको असतं. (मुलांच्या प्रयोगांना आता मध्यंतरात दिवे लागणाऱ्या टोप्यांचे स्टॉल दिसतात, तो भाग निराळा.) बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. माझं थोरलं मूल त्यात तासभर हरवतं आणि वर येताना कुठल्याही वस्तूचं नाव घेऊन येत नाही.

मनावर घेतलं तर सरकारला हलता येतं, हेही पाहिलंय. एप्रिल 2024 मध्ये सरकारने सांगितल्यावर ऑनलाइन दुकानांना माल्टच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’च्या यादीतून काढाव्या लागल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरावीक सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ ही अक्षरं काढायला लावली. त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई कित्येक वर्षं भांडत होत्या. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्यांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखायला मनाई आहे. मुलाचा माग काढू नये हे मान्य असेल, तर त्याच्या लाडक्या हिरोला विक्रेता करणं कसं चालतं?

तेव्हा मागणं असं. ज्या पदार्थाची जाहिरात मुलांच्या वाहिनीवर चालत नाही, त्याच्या पुड्यावर मुलांच्या वाहिनीवरचं पात्रही चालू नये, आणि आत खेळणंही नसावं. ‘तत्सम’ म्हणजे काय ते साखर, मीठ आणि चरबीच्या आकड्यांत लिहा, म्हणजे वाद घालायला जागा राहणार नाही. लहान मुलांसाठी बनवलेला ऑनलाइन व्हिडिओ हा ‘मुलांचा कार्यक्रम’च धरा. त्यात पैसे घेऊन दाखवलेली वस्तू नुसती पाटी लावून चालवून घेऊ नका, ती काढूनच टाका. फसव्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार तुम्हाला आहे. आठ वर्षांखालच्या मुलाला न कळणारी जाहिरात ही फसवीच, इतकं एक वाक्य तुमच्या तत्त्वांत आलं तरी बाकीचं काम त्यातून निघेल.

आपली,
दोन मुलांची आई, नाशिक

ता. क. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकायचे नाहीत, हा नियम 2020 चा आहे आणि तो तुमच्या खात्याचा नाही, याची मला कल्पना आहे. पण अन्न सुरक्षावाल्यांशी बोलणं झालं तर एवढं विचारा की ते 50 मीटर मोजायचे कुणी. आमच्याकडे मुख्याध्यापक म्हणतात पालिका, आणि पालिका म्हणते शाळा.