पहिला चहा

आमच्या किल्लारीच्या घरीं सूनबाईस थायरॉईडचा विकार जडून दोन वर्षें झालीं. थकवा हटेना, त्यास आम्ही आळस म्हणत होतों. शहरांतील दवाखान्यांत दर खेपेस रक्त तपासून गोळी वाढवीत. ती केव्हां घेतेस, हें कोणी विचारिलें नाहीं. अखेर एका डॉक्टरीणबाईंनीं विचारिलें. थायरॉक्सिन उपाशीपोटीं, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीपूर्वीं किमान ३० मिनिटें घ्यावें. लोहाच्या गोळीशीं त्याचें ४ तासांचें अंतर हवें. एरवीं तें अंगीं लागत नाहीं. सूनबाई मात्र सर्वांचा चहा आटोपून, आपल्या चहाबरोबर दोन्ही गोळ्या एकदम घेई.

औषधास काळ व अनुपान हवें, हें आयुर्वेदाचें सांगणें आम्हांस पाठ होतें! दवाखाना चुकला खरा. परंतु पहांटे पहिला चहा मागणारे आम्हीच. आतां तो आम्ही करतों.